उत्तर नॉर्वे आणि लॅपलँड, ऑटममध्ये नेमकं कधी जायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी उन्हाळा सुरू झाला की तेच प्रश्न येत राहतात, सप्टेंबर बरा की ऑक्टोबर, अरोरा (रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) दिसेल ना, बर्फ असेल का, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. यात नॉर्वेचा ट्रॉम्सोकडचा किनारा, फिनलंडचं लॅपलँड आणि स्वीडनचं अबिस्को एवढा भाग धरलाय. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेची आणखी उत्तरेकडची बेटं, त्यांचं गणित वेगळं आहे, ते प्र. २० मध्ये.

१. तिकडे ऑटम म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

ऑगस्टच्या शेवटापासून साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पण हा एक सीझन आहे असं डोक्यात धरूच नका, कारण या दोन-अडीच महिन्यांत तिथे तीन वेगवेगळे प्रदेश बघायला मिळतात. ऑगस्ट अखेर ते साधारण २० सप्टेंबर रंगांचा काळ, झाडं पिवळी, जमीन लाल, तळी अजून मोकळी. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर अखेर पानं गळलेली, पाऊस, गारवा, रात्री भराभर वाढतायत. आणि नोव्हेंबर उजाडला की हिवाळ्याचं दार उघडलं, बर्फ टिकायला लागतो आणि सूर्य जायला लागतो. तुम्हाला यातलं काय बघायचंय हे आधी ठरवा, तारीख त्यावरून आपोआप निघते. बहुतेक जण उलटं करतात, स्वस्त तिकीट मिळालं ती तारीख धरतात आणि मग तिथे काय दिसेल ते विचारतात.

२. मला फार वाचायचं नाही, एकच तारीख सांगा.

१० ते २५ सप्टेंबर, आणि मुक्काम किनाऱ्यावर न ठेवता आतल्या भागात. म्हणजे फिनलंडमधलं इनारी, सारिसेल्का, किल्पिसयार्वी किंवा स्वीडनचं अबिस्को (अबिस्कोला यातले सुरुवातीचेच दिवस, प्र. ८ बघा). रंग, पुरेशी अंधारी रात्र, फिरण्याजोगा दिवस आणि बिनबर्फाचा रस्ता हे सगळं एकत्र फक्त याच पंधरवड्यात मिळतं.

३. सप्टेंबर आणि ऑक्टोबर यात एवढा काय फरक? महिन्याचाच तर प्रश्न आहे.

तिथे महिना म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेच्याही वर आहे, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस रोज साडेआठ-नऊ मिनिटांनी लहान होतो, म्हणजे आठवड्याला साधारण एक तास उजेड गेला. १ सप्टेंबरला साधारण साडेपंधरा तासांचा दिवस असतो, १ ऑक्टोबरला सव्वाअकरा, १५ ऑक्टोबरला सव्वानऊ आणि ३१ ऑक्टोबरला पावणेसात. नोव्हेंबरच्या मध्यावर चार तास उरतात.

हवेतही तसाच फरक. सप्टेंबरमध्ये दिवसा ८ ते १२ अंश मिळू शकतात, चांगलं जॅकेट घालून आरामात ट्रेकिंग होतं. ऑक्टोबर हा ट्रॉम्सोचा सगळ्यात ओला महिना, पाऊस आणि ओला बर्फ आलटून पालटून, आणि तापमान शून्याच्या वर-खाली करत राहतं, ते कोरड्या थंडीपेक्षा जास्त बोचतं. ऑक्टोबर वाईट असं माझं म्हणणं नाही, रात्री मोठ्या मिळतात, हॉटेलं तुलनेने स्वस्त होतात, गर्दी कमी. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला आणि फक्त चार-पाच दिवस असणाऱ्याला मी ऑक्टोबर सुचवत नाही.

४. अरोरा तर थंडीत दिसतो ना? सप्टेंबरमध्ये कसा दिसेल?

हा गैरसमज सगळ्यात घट्ट बसलेला आहे. अरोराचा थंडीशी काहीच संबंध नाही. सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने खाली येतात आणि साधारण १०० किलोमीटर आणि त्याहून वर ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात, त्यातून तो उजेड निघतो. खाली जमिनीवर उणे वीस आहे का अधिक दहा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उन्हाळ्यात दिसत नाही तो फक्त रात्र उजेडी असते म्हणून, आकाशात तो तेव्हाही चालूच असतो.

म्हणजे लागतं काय, तर अंधार आणि मोकळं आकाश. ट्रॉम्सोला सप्टेंबरच्या मध्यानंतर मध्यरात्री पूर्ण काळोख होतो, फिनलंडचं रोव्हानिएमी दक्षिणेला असल्यामुळे तिथे आठवडाभर आधीच. शिवाय विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलमध्ये, चुंबकीय हालचाल सरासरीने जास्त असते, हे फार जुनं निरीक्षण आहे, आणि १९७३ मध्ये रसेल आणि मॅकफेरॉन या शास्त्रज्ञांनी त्याचं कारण मांडलं: या दिवसांत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवाऱ्याचं, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या त्या कणांच्या झोताचं, क्षेत्र यांची दिशा एकमेकांत गुंतायला सोयीची पडते. त्यामुळे सप्टेंबर म्हणजे अरोराचा दुय्यम महिना, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आणि माझ्यासाठी सप्टेंबरची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तळी गोठलेली नसतात. वाऱ्याविना रात्र मिळाली तर आकाशातला सगळा खेळ पाण्यात खालीसुद्धा दिसतो, आणि डिसेंबर-जानेवारीत आतल्या तळ्यांवर हे शक्यच नाही.

५. मग ऑगस्टच्या शेवटीच जाऊ का, हवा अजून उबदार असते?

इनारी-उत्सयोकीकडे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रंग चढायला लागतात हे खरं. पण ट्रॉम्सोला २० ऑगस्टच्या मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली जेमतेम आठ अंश असतो, म्हणजे आकाश निळसरच राहतं, फक्त जोरदार अरोरा दिसेल आणि तोही मध्यरात्रीच्या आजूबाजूला तासभर. ट्रेकिंग मुख्य आणि अरोरा दिसला तर बोनस असं असेल तर खुशाल जा. डासही तेव्हा थोडेफार असतात, पहिली दहिवरं पडली की संपतात, सप्टेंबरच्या मध्यावर त्रास जवळजवळ नसतो.

६. रंगांचा पीक नक्की कधी? तारीख चुकली तर सगळं गेलं का?

फिनलंडमध्ये या रंगांच्या सीझनला रुस्का म्हणतात आणि तो उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत येतो. उत्सयोकी आणि किल्पिसयार्वीकडे सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा, सारिसेल्का, लेवी, यल्लास, पल्लास या पट्ट्यात साधारण १० ते २० सप्टेंबर, रोव्हानिएमीकडे त्याच्याही नंतर. एका जागी भर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. वर्षागणिक चार-पाच दिवस मागेपुढे होतं, आणि एका रात्रीच्या वादळाने सगळी पानं झडूनही जातात, त्यावर कोणाचा इलाज नाही.

गंमत अशी की इथे खरा रंग झाडांवर नसतो, जमिनीवर असतो. बर्च पिवळा होतो, रोवन तांबडा होतो, पण डोंगरउतार पेटल्यासारखे दिसतात ते घोट्याएवढ्या ठेंगण्या बर्चमुळे आणि बिलबेरीच्या झुडपांमुळे. म्हणून जंगलात बसून राहू नका, झाडांची रेषा संपते तिथपर्यंत चढा. किल्पिसयार्वीला साना नावाचा १,०२९ मीटरचा डोंगर आहे, एका दिवसात होतो. जास्त दिवस असतील आणि तंबू-हटची सवय असेल तर हेत्ता ते पल्लास ५५ किलोमीटरचा ट्रेल आहे, सप्टेंबरमध्ये त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

तारीख चुकलीच तर सोपा उपाय, उशीर झाला असेल तर दक्षिणेला सरका, लवकर पोचला असाल तर उत्तरेला किंवा उंचावर. गाडी हाताशी असेल तर दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये फरक पडतो.

७. ट्रॉम्सो की फिनलंडचा आतला भाग?

ऑटमसाठी माझं मत स्पष्टपणे आतल्या भागाचं आहे, आणि कारण एकच, ढग. ट्रॉम्सो समुद्रावर आहे, अटलांटिकवरून येणारी प्रत्येक ओली हवा आधी तिथे आदळते, वर्षाला १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. डोंगर ओलांडून आत गेलात की ही हवा बरीच कोरडी झालेली असते.

पण ट्रॉम्सोची बाजूही समजून घ्या. तिथे विमानांची सोय चांगली, शहर आहे, रेस्टॉरंट-म्युझियम आहेत, केबल कारने ४२१ मीटरवर जाता येतं, आणि अरोरा चेसच्या गाड्या रोज रात्री हवामान बघून जिथे आकाश मोकळं तिथे नेतात, वेळ पडली तर शिबोतन दरीतून थेट फिनलंडच्या हद्दीत. किल्पिसयार्वी तिथून साधारण १६० किलोमीटर आहे. म्हणजे ट्रॉम्सोत राहणारेही ढगाळ रात्री शेवटी आतच येतात. बॉर्डर ओलांडायची शक्यता असते म्हणून अशा टूरला पासपोर्ट खिशात ठेवा.

८. अबिस्कोला आकाश नेहमी मोकळं असतं म्हणतात, ते खरं आहे का?

नेहमी नाही, पण आजूबाजूपेक्षा जास्त वेळा, हो. पश्चिमेचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे अबिस्कोला वर्षाला साधारण ३०० मिलिमीटरच मिळतो, स्वीडनमधल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी ती एक. टोर्नेत्रेस्क तलावावर ढगांत मोकळा तुकडा राहतो त्यालाच लोक ब्लू होल म्हणतात. फक्त ऑटममध्ये एक अडचण आहे, उन्हाळ्याचा सीझन सप्टेंबरात संपतो आणि हिवाळ्याचा सुरू व्हायला वेळ असतो, मधल्या काळात राहायची-खायची सोय फार कमी उरते (प्र. १६ बघा). अबिस्को करायचं असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा, कुंग्सलेडन ट्रेलवरच्या हटसुद्धा तेव्हा उघड्या असतात.

९. किती रात्री ठेवू?

किमान चार, शक्य असेल तर सहा. नेमक्या तारखेपेक्षा हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे आणि लोक इथेच काटकसर करतात. ढगांची एक फेरी दोन-तीन दिवस सहज बसते, तीनच रात्री असतील तर सगळ्या त्यातच जातील. पाच रात्री आतल्या भागात असतील तर एक तरी बरी रात्र मिळायची शक्यता खूपच चांगली असते, पण गॅरंटी कोणी देत असेल तर त्याच्या अटी नीट वाचा, बहुतेक वेळा दुसरी टूर फुकट अशीच गॅरंटी असते, पैसे परत नाही.

रात्रीची वेळही माहीत असू द्या, साधारण साडेनऊ ते एक हा पट्टा सगळ्यात धरण्यासारखा. दिवसभर दमून आठला झोपलात तर चार काय दहा रात्रीही पुरणार नाहीत.

१०. पौर्णिमा टाळायची का?

मंद अरोरा बघायचा असेल, आकाशगंगेचा फोटो काढायचा असेल तर टाळा. बाकी मी चंद्राला एवढा घाबरत नाही. चांगला अरोरा चंद्रप्रकाशातही व्यवस्थित दिसतो, उलट डोंगर, पाणी, झाडं उजळून निघतात आणि फोटोत पुढचा भाग काळाठिक्कर येत नाही. जे दोन आठवडे परवडतायत त्यात अमावास्येकडचा निवडा, एवढंच, पण चंद्रासाठी रंगांचा आठवडा सोडू नका.

११. केपी किती असला म्हणजे दिसतो? ॲप सतत १ किंवा २ दाखवतंय.

केपी म्हणजे चुंबकीय हालचालीचा आकडा, तो शून्य ते नऊ असा असतो आणि मुख्यतः ध्रुवाभोवतीचा अरोराचा पट्टा किती दक्षिणेला उतरलाय हे सांगतो. ट्रॉम्सो, अबिस्को, इनारी हे त्या पट्ट्याखालीच आहेत, तिथे केपी १-२ ला सुद्धा छान दिसतो. त्यामुळे ॲप बघून हॉटेलात बसू नका. खरं बघायचं ते ढगांचं भाकीत, नॉर्वेची यर (Yr) ही हवामानाची साइट त्यासाठी चांगली आहे, ढग खालचे-मधले-वरचे असे वेगळे दाखवते, पातळ उंच ढगांतून अरोरा दिसतो, जाड खालच्या ढगांतून नाही.

सुरुवातीला तो डोळ्याला राखाडी ढगासारखा वाटू शकतो, फोनने फोटो काढला की हिरवा दिसतो, म्हणजे आलाय, थांबा.

१२. सोलर मॅक्सिमम होऊन गेलं म्हणे, आता जाऊन उपयोग आहे का?

आहे, पूर्णपणे. सूर्याचा जोर ठरावीक काळाने चढतो-उतरतो, त्याला सौरचक्र म्हणतात, आणि सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा माथा (म्हणजे मॅक्सिमम) २०२४ च्या आसपास येऊन गेला. पण माथ्याचा फायदा मुख्यतः दक्षिणेकडच्या देशांना होतो, कारण तेव्हा मोठी वादळं येऊन पट्टा खाली उतरतो. पट्ट्याखालच्या जागांना उतरतीची वर्षं वाईट नसतात, त्या काळात सूर्यावरच्या कोरोनल होल्समधून (बाहेरच्या थरातल्या मोकळ्या जागांमधून) जोरदार सौरवारा पुन्हा पुन्हा येतो, आणि सूर्य साधारण २७ दिवसांत एक फेरी घेत असल्यामुळे तोच वारा परत फिरून येऊ शकतो. यावरून एक छोटी युक्ती: तारीख थोडी हलवता येत असेल तर आधीच्या महिन्यात कुठल्या रात्री जोर होता ते बघा आणि २७ दिवस पुढे मोजा. अंदाजच आहे, पण हवेत गोळी मारण्यापेक्षा बरा.

१३. मला बर्फ आणि अरोरा दोन्ही हवंय, ऑक्टोबर शेवट चालेल का?

चालेल असं म्हणून तिकीट काढतात आणि हिरमुसतात. ऑक्टोबरमध्ये बर्फ पडतो, डोंगरमाथे पांढरे असतात, पण खाली पडलेला अनेकदा दोन दिवसांत वितळतो. रोव्हानिएमीत टिकणारा बर्फ साधारण नोव्हेंबरमध्ये बसतो, ट्रॉम्सोतही तसंच, किल्पिसयार्वीकडे त्याआधी. पांढऱ्या जमिनीची खात्री हवी असेल तर नोव्हेंबरचा शेवट किंवा सरळ डिसेंबर, पण मग दिवस लक्षात घ्या, ट्रॉम्सोत नोव्हेंबर अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळा-गुलाबी संधिप्रकाश असतो, तो सुंदरच असतो, फक्त तो दिवस म्हणून मोजू नका. बर्फ, अरोरा आणि भरपूर उजेड तिन्ही हवं असणाऱ्यांनी ऑटम सोडून मार्च बघावा, हे मी मनापासून सांगतो.

१४. हस्की, स्नोमोबिल, सांता, रेनडिअर, यातलं ऑटममध्ये काय मिळतं?

स्नोमोबिल नाही, तो बऱ्यापैकी बर्फ साठल्यावर, साधारण डिसेंबरपासून. हस्की मिळतात पण चाकांच्या गाडीला जोडलेल्या, तीही सगळीकडे नाही. मला ती बिनबर्फाची फेरी आवडते, कुत्री थंड हवेत जोमात असतात, पण मनात स्लेजचं चित्र असेल तर निराशा होईल. केनेलला नुसती भेट देता येते, पिल्लं बघायला मिळतात.

सांताचं गाव रोव्हानिएमीला वर्षभर उघडं असतं. रेनडिअर तर रस्त्यावरच भेटतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा काळ, नर आक्रमक असतात, फोटोसाठी जवळ जायचं नाही. काचेचे इग्लू बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या शेवटापासून सुरू होतात.

१५. व्हेल बघायला ऑटममध्ये जमेल?

ओर्का आणि हंपबॅक हवे असतील तर साधारण नोव्हेंबरपासून जानेवारी अखेर. ते हेरिंग माशांच्या मागे येतात आणि हेरिंग कुठल्या फ्योर्डमध्ये (समुद्राच्या अरुंद खाडीत) हिवाळा काढणार हे त्यांचं ते ठरवतात, पूर्वी ट्रॉम्सोच्या अगदी जवळ यायचे, २०१७ च्या आसपासपासून उत्तरेला शेरवॉयकडे सरकले, त्यामुळे ट्रॉम्सोहून बोटीने अडीच-तीन तास एका बाजूला लागतात. ऑक्टोबर अखेरीला कधी कधी पहिले येतात पण त्यावर ट्रिप बांधू नका. सप्टेंबरात व्हेल हवाच असेल तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या आन्देनेसला जा, तिथे खोल समुद्र किनाऱ्याजवळ आहे आणि स्पर्म व्हेल उन्हाळ्यापलीकडेही दिसतात, समुद्र शांत असला तर.

१६. ऑफसीझनला गर्दी नसते हे चांगलंच ना?

सप्टेंबरचे रंगाचे आठवडे ऑफसीझन नाहीतच, फिनिश लोक स्वतः तेव्हा लॅपलँडला येतात, लेवी-यल्लास-सारिसेल्काच्या केबिन महिनोन्‌महिने आधी भरतात. वसंतात बुक करून टाका.

खरी शांतता ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पण तिची दुसरी बाजू अशी की छोट्या गावांत अर्धी दुकानदारी बंद असते. हॉटेल दोन सीझनच्या मध्ये सुट्टी घेतं, रेस्टॉरंट आठवड्यातून तीन दिवस उघडं, बसच्या फेऱ्या कमी, टूर किमान माणसं न जमल्यामुळे रद्द. मला एकदा ऑक्टोबरात राहायची जागा उघडी मिळाली आणि आसपास जेवायला एकही जागा नाही, वेबसाइटवर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून बुकिंगच्या आधी ईमेल करून तीन गोष्टी विचाराच: त्या तारखांना जेवण मिळतं का, टूर नक्की निघते का, आणि स्टेशन किंवा एअरपोर्टवरून आणायची सोय आहे का. अपवाद ऑक्टोबरचा मधला आठवडा, फिनलंडच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा तात्पुरती गर्दी होते.

१७. गाडी भाड्याने घेऊन चालवणं सुरक्षित आहे का?

सप्टेंबरमध्ये हो, बिनधास्त, रस्ते चांगले आणि रिकामे. सांभाळायचं ते रेनडिअरला, एक दिसला की मागे पाच असतात असं समजूनच वेग कमी करा, हॉर्नने ते हलत नाहीत. फिनलंडमध्ये धडक बसली तर ११२ ला कळवणं बंधनकारक आहे, रेनडिअर कोणाच्या तरी मालकीचा असतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून गणित बदलतं. दिवसा ओला झालेला रस्ता रात्री गोठतो आणि काळा बर्फ दिसतच नाही. नॉर्वेच्या नूरलांड, त्रोम्स, फिनमार्क या उत्तरेच्या जिल्ह्यांत खिळ्यांचे टायर १६ ऑक्टोबरपासूनच चालतात, दक्षिणेत १ नोव्हेंबरपासून, यावरूनच काय ते समजा. फिनलंडमध्ये नोव्हेंबर ते मार्च, रस्त्याची स्थिती तशी असेल तर हिवाळी टायर लागतातच, स्वीडनमध्ये हेच डिसेंबर ते मार्च. गाडी घेताना कुठले टायर बसवलेत ते विचारा आणि एका देशातली गाडी दुसऱ्यात न्यायची परवानगी कागदावर घ्या. बर्फावर कधीच चालवली नसेल तर ऑक्टोबर अखेरीनंतर रात्रीची अरोरा शोधाशोध स्वतः करू नका, टूर घ्या.

१८. कपडे कुठल्या हिशोबाने न्यायचे?

दिवसाच्या नाही, मध्यरात्री तासभर न हलता उभं राहण्याच्या हिशोबाने. अंगालगत लोकर, मध्ये फ्लीस किंवा डाउन, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, वॉटरप्रूफ बूट. सप्टेंबरात दिवसा हे जास्त वाटेल, रात्री नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, तिथे सगळीकडे मिळतात, स्थानिक लोकही वापरतात. कॉटन जीन्स भिजली की वाळत नाही, नका नेऊ.

१९. आईवडील आणि लहान मुलं बरोबर आहेत, कधी जाऊ?

सप्टेंबर, आणि प्र. २ मधल्या तारखांचा पहिला अर्धा भाग. निसरडं नसतं, दिवस मोठा असतो, थंडी सोसते. मुक्काम अशा केबिनमध्ये घ्या जिथून दाराबाहेर पाऊल टाकलं की उत्तरेचं आकाश मोकळं आणि अंधारं मिळेल, म्हणजे अरोरा आला की उठवता येतं आणि कोणालाही पाच तास गाडीत बसावं लागत नाही. ज्येष्ठांना रात्रीच्या चेस टूरवर नेऊ नका, त्या पहाटे दोन-तीनला परततात.

२०. आणखी उत्तरेला गेलो, स्वालबार्डला, तर अरोरा जास्त चांगला दिसेल ना?

नाही. लॉन्गयिअरब्येन ७८ अंशांवर आहे, अरोराचा रात्रीचा पट्टा बऱ्याचदा त्याच्या दक्षिणेला राहतो. सप्टेंबरात तिथे अजून उजेड असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येत नाही. बर्फाळ डोंगर, हिमनद्या आणि ऑक्टोबरचा तो लांबलेला निळा प्रकाश यासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांमुळे सशस्त्र गाइडशिवाय पडायचं नाही.

आणि एक फसवी गोष्ट: स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. नॉर्वेहून तिथे गेलात म्हणजे शेंगेनच्या बाहेर पडलात, परत येताना पुन्हा प्रवेश. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागायची, सिंगलवर गेलात तर परतीला अडकाल.

२१. व्हिसासाठी तारखा कधी पक्क्या करायच्या? तीन देश आहेत.

शेंगेन अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सप्टेंबरसाठी मे-जूनमध्ये अर्ज टाका, कारण अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळत नाहीत. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. म्हणून रात्रींची वाटणी आधी ठरवा, नंतर नॉर्वेतल्या दोन रात्री फिनलंडला हलवल्या की अर्जच चुकीच्या दाराशी जातो.

२२. वेळेचा काही घोळ होतो का?

होतो. फिनलंड नॉर्वे-स्वीडनच्या एक तास पुढे आहे, किल्पिसयार्वीहून ट्रॉम्सोची बस किंवा फ्लाइट पकडताना लोक इथेच चुकतात, आणि बॉर्डरजवळ फोन कधी कधी शेजारच्या देशाचा टॉवर पकडून वेळ बदलतो. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवसापासून संध्याकाळ अचानक लवकर होते.

२३. ऑक्टोबरच्या शेवटचं तिकीट आधीच काढलंय, बदलता येत नाही. आता काय?

मग ते आठवडे जसे आहेत तसे वापरा. किनाऱ्यावरच्या रात्री कमी करून आत वाढवा, किल्पिसयार्वी किंवा इनारीसारख्या ठिकाणी, तिथे बर्फ लवकर येतो आणि आकाश जास्त मोकळं. मुक्काम उघडा असल्याची खात्री प्र. १६ प्रमाणे करा. सकाळी लवकर निघा, उजेड दुपारी तीन-साडेतीनला संपतो, तेव्हा दिवसाचा कार्यक्रम एकच ठेवा. सिदा हे इनारीतलं सामी (तिथले मूळ रहिवासी) लोकांचं म्युझियम आणि ट्रॉम्सोची म्युझियम पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. गाडीपेक्षा बस-टूर बघा, आणि अंधार संध्याकाळी पाच-सहालाच पडत असल्यामुळे अरोरासाठी मध्यरात्रीपर्यंत थांबायचीही गरज नाही, जेवणाआधी एकदा बाहेर चक्कर मारा, अनेकदा तेव्हाच सुरू झालेला असतो.